पूर्णेची रेघ

४ ऑगस्ट

बऱ्याच दिवसांनी कोणीतरी कामाचे बोलले. अकोल्याच्या कार्यालयातून फोन आला. बार्शीटाकळी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या इमारतींचा दहा वर्षांचा आराखडा करायचा आहे, समितीवर बाहेरची एक अनुभवी व्यक्ती हवी, मॅडम याल का? मी लगेच हो म्हटले. अमरावतीत मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून अर्धे आयुष्य गेले. गळके छप्पर आणि तुंबलेली नाली यांच्याशी माझे जुने वैर आहे.

कामाची रीत सोपी आहे. प्रत्येक इमारतीला छप्पर, भिंती, फरशी, पाणी, संडास यांचे गुण द्यायचे. सर्वांत वाईट इमारती पहिल्या टप्प्यात, म्हणजे लगेच नव्या बांधायच्या. मधल्या दुसऱ्या टप्प्यात. चांगल्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे आठ वर्षांनंतर. वशिला नाही, रडगाणे नाही. मला हे आवडले.

स्वयंपाकाला येणाऱ्या इंदूबाई म्हणाल्या, "आता या वयात कुठं खेडोपाडी फिरता बाई?" मी म्हटले, पोळी करपते आहे, तिकडे बघा.

१९ ऑगस्ट

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने अकोला, तिथून जीपने बार्शीटाकळीच्या पुढे. नुसती ओळखपाहणी होती, गुण नंतर द्यायचे आहेत. काळी माती चपलांना अशी धरते की पाय उचलवत नाही.

शेवटचे गाव काटवेल. दोन खोल्या, वर टिनपत्रे, पुढे ओसरी. भावना तेलगोटे नावाची तरुण शिक्षिका एकटीच आहे. दुसरे पद रिकामे, चारही वर्ग तिच्याकडे. पश्चिमेची खोली पाहून माझे डोके फिरले. भिंतीवर खिचडीच्या चुलीची काजळी, मधे कुठेतरी सिमेंट थापलेले, त्याच्यावर कॅलेंडर लटकवलेले. ओसरीत शेळी बांधलेली. चपलांचा ढीग.

"ही काय शाळा आहे?" मी विचारले.

"मॅडम, ती भिंत उन्हाळ्यात..."

"आत्ता पावसाळा आहे. मला कारणे नकोत. इमारत जुनी असली तरी स्वच्छ असू शकते. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा ही भिंत मला अशी दिसता कामा नये."

सरपंच खुशालराव महल्ले बाजूलाच उभे होते. साठीचे, पांढरी टोपी, हसतमुख. त्यांनी स्वतः शेळी सोडली आणि म्हणाले, "गलती झाली मॅडम. पुढच्या खेपेले पाहाच तुमी. वळखनार नाई शाळा."

शेरेबुकात लिहिले: स्वच्छतेकडे तातडीने लक्ष द्यावे. खाली ठसठशीत सही केली. कोणीतरी बोलावे लागते. नाहीतर खेड्यातल्या शाळा अशाच राहतात.

९ ऑक्टोबर

आज काटवेलची गुणपाहणी. सोबत अंकुर नावाचा तरुण अभियंता होता. त्याच्याकडे मोबाईलमधले ॲप, माझ्याकडे जन्मभराचा अनुभव.

शाळा खरोखर ओळखू आली नाही. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण, ओसरी सारवलेली, चपला रांगेत, मुलांच्या केसांना तेल. गावाने वर्गणी करून आतबाहेर रंग दिला होता. पश्चिमेच्या त्या घाणेरड्या भिंतीवर तर अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचा मोठा नकाशा काढला आहे. वर मेळघाटचे हिरवे डोंगर, धारणी, खाली बडनेऱ्याचे स्टेशन, रुळांच्या काळ्या पट्ट्या. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून तिरपी उतरत, वळत पार दाराजवळ पोहोचलेली निळी पूर्णा नदी. नदी प्रमाणापेक्षा फार जाड झाली आहे आणि मधेमधे विनाकारण वाकडी, ते मी भावनाला दाखवून दिले. बाकी मुलांचे काम म्हणून उत्तम.

मुलांनी नकाशावर काडी ठेवून गावे सांगितली. खुशालराव दारातून म्हणाले, "कशी आहे मॅडम आमची पूर्णा? हिच्यात पानी नाई, पन पूर बी नाई!" सगळे हसले. मलाही हसू आले.

अंकुरने भिंतीवर बोटे वाजवली. "मॅडम, इथं जरा पोकळ वाजतं."

"गिलावा ताजा आहे, रंग ओला आहे. चल, अजून तीन गावे आहेत."

त्याने फोटो काढला. भिंती: उत्तम. मीच त्याला भरायला सांगितले. एका गावाने माझे ऐकले, त्याचे गुण मिळायलाच हवेत.

भावना मात्र बदललेली नाही. चेहरा उतरलेला, दोनदा मधेच उठून बाहेर गेली, प्रार्थनेला खुर्चीवर बसून राहिली. तरुण मुलींना आजकाल उभे राहणेही जड होते. जाताना जीपपर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं होतं." मी म्हटले, "लेखी पाठवा." काही आले नाही.

१६ जानेवारी

आराखडा मंजूर झाला. छापील प्रत हातात आली. मागच्या पानावर माझे नाव बरोबर लिहिले आहे, ही दुर्मीळ गोष्ट. पहिल्या टप्प्यात ज्या शाळा आहेत त्या खरोखरच पडायला आलेल्या आहेत. कोणाचा फोन आला म्हणून एकही नाव वरखाली झाले नाही. समितीचे काम संपले. साहेबांनी शाल दिली. शाल मला आवडत नाही, पण घेतली.

२० जानेवारी

बडनेऱ्याला फलाटावर उभी असताना खुशालरावांचा फोन.

"मॅडम, आपली शाळा तिसऱ्यात आली म्हने! गावात पेढे वाटून राहिलो. पयल्या खेपेलेच तिसरा नंबर म्हंजे काई कमी नाई."

मी म्हटले, "अहो, ही स्पर्धा नाही. तिसरा टप्पा म्हणजे तुमची इमारत आठ वर्षांनी होणार."

मग म्हणाले, "म्हंजे आमी कमी पडलो."

"तसे नाही हो."

"नाई मॅडम, समजलं. पुढच्या खेपेले अजून चांगली करू. पयला नंबरच घेऊ."

गाडी आली होती. त्यांना सगळे पहिल्यापासून समजावत बसायला वेळ नव्हता. ठेवते, मी म्हटले.

१२ मार्च

दुपारी बेल वाजली. दारात भावना. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, बस बदलत आली. मी पत्ता दिलेला नव्हता, माझ्या जुन्या शाळेत विचारून शोधला म्हणाली. मी दारातच विचारले, सुट्टी कोणाच्या परवानगीने घेतली? एवढ्यात इंदूबाई आतून खुर्ची घेऊन धावत आल्या आणि माझ्याकडे असे बघितले, जणू मी काही गुन्हाच केला. "बाई, पोरगी पोटुशी हाय. आठवा तरी असंन. उभी कावून ठेवली तिले?"

मला खरेच लक्षात आले नव्हते.

तिने मोबाईलवर फोटो दाखवला. पूर्णा नदी फाटली आहे. खिडकीच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत, नेमकी निळ्या रंगातून. फटीत मुलाची पाटी उभी मावते, असा दुसरा फोटो. पलीकडचे शेत दिसते.

ती हळू बोलत होती. शाळा काळ्या मातीवर आहे, पाया उथळ. उन्हाळ्यात जमीन आकसते, भिंत उघडते. पावसाळ्यात जमीन फुगते, फट जवळ येते. दरवर्षी थोडी जास्त. "ऑगस्टमधे तुम्ही रागावल्या ना मॅडम, तर गावानं सिमेंट भरलं. तरी रेघ दिसायचीच. मग मुलांना म्हटलं, नदी काढा."

"हे मला तेव्हाच का नाही सांगितले?"

इंदूबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवले.

मुलांना तिने ओसरीत बसवले आहे, पण उन्हे तिथे दहा वाजताच येतात. एप्रिलपासून ती बाळंतपणाच्या रजेवर, माहेरी धारणीकडे. तिच्या जागी कोणी येईल तो मुलांना कुठे बसवील, ही तिची चिंता. "मॅडम, पावसाळ्याआधी शाळा पहिल्या टप्प्यात घ्यायला लावा. निदान ती खोली बंद करण्याचा आदेश तरी. तुमचं ऐकतील."

मी म्हटले, ऐकतील.

अंकुरने तेव्हाच ठामपणे सांगायला हवे होते. अभियंता कशासाठी असतो?

१३ मार्च

अकोला. साहेब बदलले आहेत. नवे साहेब सभेत. अंकुरची बदली झाली, कुठे ते टेबलावरच्या बाईंना माहीत नाही. त्या म्हणाल्या, "समिती तर संपली ना मॅडम? मग तुम्ही कोणत्या नात्यानं?" मी म्हटले, नागरिक म्हणून. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितले. चार वाजेपर्यंत बसले. याच इमारतीत मला शाल दिली होती.

२ एप्रिल

साहेब भेटले. सभ्य माणूस. संगणकावर काटवेल उघडून दाखवले. अंकुरने काढलेला फोटो, चकाकती भिंत, हिरवे डोंगर. भिंती: उत्तम. खाली माझे नाव.

मी भावनाचे फोटो पुढे केले. ते म्हणाले, "हे कुठले, कधीचे, कसं मानायचं मॅडम? इथं तुमचाच शेरा आहे."

"शेरा चुकला."

"एका शाळेचा टप्पा बदलला तर उद्या सगळी गावं दारात येतील. तुम्हीच सांगितलं होतं म्हणे, वशिला चालणार नाही."

खरे आहे. पहिल्याच बैठकीत मी तसे बोलले होते. खोली बंद करायचे विचारले तर म्हणाले, उत्तम शेरा असलेली खोली कोणत्या कारणाने बंद करू?

२८ एप्रिल

पाचवी खेप. शेवटी साहेबांनी एक वाट काढली. माझ्या चिकाटीला कंटाळून असेल, पण काढली. काटवेलसाठी ॲप एकदाच उघडतील. शाळेत उभे राहून, त्याच ॲपमधून, भिंतीचा एक नवा फोटो. बाहेरचे फोटो ॲप घेत नाही. फोटोत इमारत धोकादायक दिसली तर टप्पा बदलेल आणि खोलीही बंद होईल. मुदत सहा मेपर्यंत.

मी परतताना गाडीत कित्येक आठवड्यांनी शांत बसले.

३ मे

मी स्वतः जाणार होते. पण कालपासून गुडघा सुजला आहे, डॉक्टरांनी पाय खाली टेकवू नका म्हटले. बाहेर चव्वेचाळीस अंश. भावनाला फोन लावते आहे, लागत नाही. धारणीच्या पुढे तिच्या माहेरी रेंज नाही. शाळेवर श्याम लांडे नावाचे बदली शिक्षक आले आहेत. त्यांनी फोन उचलला आणि सरपंचांच्या हाती दिला.

मी खुशालरावांना स्पष्ट सांगितले. पश्चिमेच्या भिंतीचा फोटो, ॲपमधूनच, सहा तारखेच्या आत.

"भिंतीचा? त्याच भिंतीचा?"

"त्याच. आणि हे बघा, सरकारी दप्तरात जाणारा फोटो आहे. मी तुमच्यासाठी शब्द टाकला आहे तिथे. समोर शेळी बांधलेली, चपला पडलेल्या, असले मला चालणार नाही. पूर्ण भिंत यायला हवी, उजेडात."

"तुमी काई काळजी नका करू मॅडम," ते म्हणाले. "तुमचा शब्द खाली नाई पडनार."

बरे वाटले. माणूस कामाचा आहे. इंदूबाईंना म्हटले, आज थोडा शिरा करा.

६ मे

बारा वाजता मोबाईलवर फोटो आला. श्याम लांडे यांनी ॲपवर चढवून मग मला पाठवला.

पूर्ण भिंत आली आहे, उजेडात. शेळी नाही, चपला नाहीत. सुट्टी असूनही मुले गणवेशात, दोन रांगांत, हात जोडून. दारावर तोरण. मेळघाट पहिल्यापेक्षा हिरवा. रुळांवर आता गाडीही आहे. पूर्णा अखंड, निळी, ओली, काठाला दोन्हीकडे पांढरी किनार.

मी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला.

पाच मिनिटांत खुशालरावांचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"कसा आला मॅडम? दोन दिस सारं गाव लागलं होतं. आधी सिमिट ठासून भरलं, मंग पोट्टे बलावले रंगवाले. आता सांगतो तुमाले, लई वंगाळ फट पडली होती तिथं. लाज वाटे. म्हटलं, मॅडम आपल्यासाठी सरकारात भांडून राहिल्या, त्याइले खाली पाहा लागू नये."

त्यांच्या मागे मुले ओरडत होती, "मॅडमचा फोन! मॅडमचा फोन!"

"फोटो चांगला आला," मी म्हटले आणि ठेवला.

लगेच कार्यालयात फोन केला. ॲप एका फोटोनंतर बंद झाले. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, भिंत तर एकदम मस्त आहे की." आता तीन वर्षांनी फेरआढावा.

मी सगळे स्पष्ट सांगितले होते. फट दिसायला हवी हे वेगळे सांगायचे असते काय? फोटो त्याचसाठी होता, हे कोणालाही कळेल.

इंदूबाईंनी आज पुन्हा शिरा करून आणला. परत पाठवला.

३० जून

गुडघा धड नाही, तरी गेले. शाळा सुरू झाल्या. काटवेलला जीपमधून उतरतानाच पश्चिमेच्या खोलीतून पाढ्यांचा आवाज आला. म्हणजे मुले आत.

श्याम लांडे सरळ तरुण आहे. मी म्हटले, मुलांना बाहेर काढा. तो म्हणाला, "मॅडम, ओसरीत पावसाची झड येते. दुसऱ्या खोलीत आता धान्य आणि चूल. ही खोली तर आता दुरुस्त झाली. रेकॉर्डवर उत्तम आहे. तुम्ही लेखी आदेश द्या, आत्ता बाहेर बसवतो."

माझ्याकडे आदेश देण्याचे कोणतेच पद नाही. मी आत गेले. मुले उभी राहिली आणि सुरात नमस्ते म्हणाली. पहिलीची मुले नेमकी नकाशाखाली बसवली आहेत, फळा जवळ पडावा म्हणून. मी त्यांना दप्तरे उचलून दुसऱ्या भिंतीकडे सरकायला सांगितले. सरकली. मी शेरेबुक मागवेपर्यंत श्यामने फळा दिसत नाही म्हणून त्यांना पुन्हा जागेवर बसवले होते.

शेरेबुकात लिहिले: या खोलीत मुलांना बसवू नये. भिंत धोकादायक आहे. सही केली. सहीखाली पद लिहायची सवय हाताला आहे, हात थांबला.

खुशालराव खांद्यावरून वाचत होते. नवा सदरा घालून आले होते. त्यांचा चेहरा पडला.

"अजून काय कमी राहिलं मॅडम?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला जायला सांगितले आणि ओसरीत बसले. खुशालरावांना पहिल्यापासून सांगितले. गुण कशाचे, टप्पे कसले, वाईट इमारत आधी का घेतात, फोटो कशासाठी मागवला होता. दहा मिनिटेही लागली नाहीत.

ते टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे फट दाखवाची होती."

"हो."

"आन् आमी बुजवली."

"हो."

"मंग तवाच सांगाचं होतं ना मॅडम. दहा मिनिटाचं तं काम होतं." रागाने नाही म्हणाले. पाऊस उशिरा आला म्हणावे, तसे म्हणाले.

मी विचारले, आता सिमेंट खरवडून काढता येईल का? ते म्हणाले, येईल, पण पोट्ट्यांनी रंगवलेले खरवडायला त्यांनाच सांगावे लागेल, आणि काढून दाखवायचे कोणाला? गुरुजींशी बोलून बघतो म्हणाले. मग माझा गुडघा बघून त्यांनी कोणाची तरी मोटारसायकल मागवली आणि बार्शीटाकळीपर्यंत स्वतः सोडायला आले. वाटेत एकदाच बोलले. "तुमी जिवाले लावून घेऊ नका. आता पानी लागलं का जमीन फुगते, फट आपोआप मिटते."

२ जुलै

साहेबांना पत्र लिहिले. पोच मिळाली.

५ जुलै

भावनाचा फोन, धारणीहून. रेंजसाठी बाजाराला आली होती. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी अभिनंदन केले. तिने विचारले, "मॅडम, शाळेचं झालं का?" तेवढ्यात फोन कटला. मी पुन्हा लावला नाही.

८ जुलै

कालपासून अकोल्याकडे जोराचा पाऊस. बार्शीटाकळीचा रस्ता बंद असल्याचे बातमीत सांगितले. सकाळपासून काटवेलला फोन लावत होते. साडेअकराला लागला. खुशालरावांनीच घेतला. मागे पत्र्यावर पावसाचा आवाज, आणि त्याच्यातून मुलांचा सूर येत होता, बे एके बे.

"खुशालराव, मुले कुठे बसली आहेत?"

"आतच हायेत मॅडम. बाहेर कुठं बसतीन एवढ्या पान्यात? गुरुजीसंग बोललो मी. ते म्हनते, कागद आना."

"आणि भिंत?"

ते चालत आत गेले असावेत. मुलांचा आवाज मोठा झाला. मी कान लावून थांबले.

"पाह्यली मॅडम," ते म्हणाले. मला बरे वाटावे म्हणून आवाजात जरा उत्साह आणला होता. "तुमी घाबरू नका. काईच दिसत नाई. फट मिटली."